अळणी उगाली

कार्मेलीन मावशी आमच्याकडे कधीही पुढच्या दाराने आल्या नाहीत. इथे परदेशात, क्वेकर्स हिलमध्ये, आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मधल्या पत्र्याच्या कुंपणाचा एक पत्रा वाऱ्याने निखळला होता. नवरा तो बसवायला निघाला तेव्हा मावशींनीच त्याला थांबवलं. ‘राहू दे रे बाबा. मला वळसा पडतो.’ तेव्हापासून त्या फटीतून त्यांचा फुलाफुलांचा फ्रॉक, त्यावर मुलाचा जुना स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याची चप्पल, असा सगळा सरंजाम आमच्या अंगणात यायचा. हातात झाकलेला वाडगा. वाडग्यात कधी तळलेले गोल फुगे, कधी मांसाचं आंबट-तिखट इंद्याल, कधी तांदळाच्या भाकऱ्यांची चवड. मी घरून काम करत असले आणि मीटिंगमध्ये असले तरी वाडगा लॅपटॉपच्या शेजारी यायचाच.

‘मावशी, आत्ताच जेवलेय हो.’

‘मी विचारलं का तुला, सुजाता?’

त्यांचा तो नियमच होता. जेवलीस का, खाणार का, थोडं देऊ का, असले प्रश्न त्यांच्या लेखी अपमान करणारे. विचारलं की माणूस लाजून नाही म्हणतो आणि उपाशी राहतो, असं त्यांचं म्हणणं. ‘विचारायचं नसतं गो. वाढायचं असतं.’ मी डोंबिवलीची, आमच्याकडे आग्रहाची कमतरता नव्हती. पण मावशींचा आग्रह म्हणजे हल्ला होता. त्यांच्यापुढे माझ्या डाएटचं काही चाललं नाही. आज माझ्या कमरेभोवती जे काही आहे त्यातला बराचसा भाग वसईचा आहे.

मूळच्या त्या वसईच्या. माहेर मिठागराला अगदी लागून. लहानपणी आपण चिंचा-बोरं चोरतो तसे त्या मिठाचे खडे चोरून चघळायच्या. त्यामुळे मिठाच्या बाबतीत त्यांचा स्वभाव तिखट होता. पर्समध्ये कॅमेऱ्याच्या जुन्या रोलची काळी डबी आणि त्या डबीत मीठ. चर्चच्या पिकनिकला, मॉलमधल्या फूड कोर्टात, कुणाच्या बार्बेक्यूला, कुठेही पहिला घास घेतला की मावशी डोळे मिटायच्या, मान हलवायच्या आणि डबी काढायच्या. ‘या देशाला समुद्र आहे चारी बाजूंनी,’ त्या म्हणायच्या, ‘आणि जेवणात मीठ नाही!’ मुलगा मेल्विन बिचारा शरमेने दुसरीकडे बघायचा. डॉक्टरांनी त्यांच्या ब्लडप्रेशरविषयी काय काय सांगितलं होतं ते मेल्विनला पाठ होतं. मावशींनी ते ऐकलंच नव्हतं.

मेल्विन हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. तिथेच त्याला अचिएंग भेटली. केनियातल्या किसुमूची, नर्स, त्याच्यापेक्षा चार बोटं उंच आणि हसली की कुंपणापलीकडे ऐकू जायची. मावशींनी आधी वसईतल्या सगळ्या स्थळांची उजळणी करून पाहिली. मग ती मुलगी दर रविवारी चर्चला जाते हे कळल्यावर अर्ध्या शांत झाल्या, आणि तिने पहिल्याच भेटीत इंद्याल दोनदा मागून घेतल्यावर पूर्ण शांत झाल्या. लग्न ठरलं तेव्हा साथीमुळे नेमक्या सीमा बंद होत्या. तिकडून कुणाला येता येईना. ब्लॅकटाऊनला रजिस्टर लग्न झालं, मागच्या अंगणात केक कापला, आणि किसुमूची आई फोनच्या पडद्यावर आली. फोन केकच्या डब्याला टेकवून ठेवला होता. मी फोटो काढायला म्हणून फटीतून तिकडे गेले होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

विहीणबाई डोक्याला पांढरा रुमाल बांधून ताठ बसल्या होत्या. सगळ्यांना आशीर्वाद दिले, मेल्विनकडे नीट बघून घेतलं. मग त्यांनी मावशींना एकच प्रश्न विचारला. साध्या, सावकाश इंग्रजीत, सगळ्यांना कळेल असा. माझी मुलगी तुमच्या घरी काय खाणार?

मावशींचा चेहरा असा झाला की मी कॅमेरा खाली घेतला. काय खाणार! हे त्यांना कुणी विचारावं? मावशींना?

‘आम्ही खातो तेच खाईल,’ त्या ताडकन म्हणाल्या. मेल्विनने त्याचं इंग्रजी करताना पुष्कळ साखर घातली, पण आवाजाचं भाषांतर करावं लागत नाही. पडद्यावरच्या बाईंनी मान हलवली, ‘ओके’ म्हणाल्या. अचिएंग केककडे बघत राहिली.

‘बघितलंस? जशी काय मी हिच्या पोरीला उपाशी ठेवणार आहे!’ पुढचे कितीतरी दिवस त्या फटीतून फक्त एवढंच सांगायला येत होत्या. वाडगा असायचाच.

अचिएंग खरोखरच सगळं खायची. भाकरी, सुकटीचं कालवण, फुगे, काहीही. सुनेचं कौतुक मावशी चर्चभर सांगायच्या. आणि मग एका रविवारी अचिएंग ड्यूटीमुळे चर्चला गेली नव्हती, त्यात मिस्साचे फादर आजारी पडले, प्रार्थना लवकर आटोपली आणि मावशी घरी लवकर आल्या.

मी कपडे वाळत घालत होते. पलीकडून आधी वास आला. सुक्या मासळीचा, तेलात परतलेला, चांगला सणसणीत. आमच्या गल्लीत असा वास आला की लोक खिडक्या लावून घेतात. मावशी मात्र नाक वर करून त्या वासाच्या दिशेने चालत आल्या. कुंपणाच्या कडेला बार्बेक्यूच्या बाजूच्या शेगडीवर अचिएंगने छोटी कढई ठेवली होती. शेजारी एक पातेलं, त्यात पांढराशुभ्र गोळा. सासूने पाहिल्यावर ती एवढी उंच मुलगी कढईपुढे आडवी उभी राहिली.

‘सॉरी मम्मी. द स्मेल... मी बाहेर करते. ऑल्वेज आउटसाइड.’ तोपर्यंत तिला थोडंथोडं मराठी येऊ लागलं होतं.

मावशींनी तिला हाताने बाजूला केलं. कढईतला बोटाएवढा चंदेरी मासा उचलला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

‘अगो, ही तर आपली सुकट!’

आपली. मला पत्र्याआड ऐकू आला तो शब्द, आणि अचिएंगलाही तो कळला असावा, कारण ती एकदम मोकळी हसली. मग मावशींनी त्या पांढऱ्या गोळ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला.

‘मीठ विसरलीस.’

‘नाही मम्मी. नो सॉल्ट. उगालीत मीठ नसतं.’

‘नसतं म्हणजे?’

‘नसतं म्हणजे नसतं. मक्याचं पीठ, पाणी. फिनिश.’

मावशींनी पर्समधून डबी काढण्यासाठी हात घातला, पण कढईतल्या माशाकडे बघून तो पुन्हा बाहेर काढला. तेवढ्यात मेल्विन आला आणि त्याने जे सांगितलं त्याने मावशी खुर्चीवर बसल्या. तिकडे म्हणे उगालीशिवाय जेवण होतच नाही. बाकी कितीही खाल्लं, तरी ते नुसतं वरवरचं. आई फोनवर रोज विचारते, जेवलीस का, आणि अचिएंग खोटं नको म्हणून सांगते, खाल्लं थोडं काहीतरी.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काहीतरीच काय! मावशींना मात्र ते एका क्षणात समजलं. त्या इथे नवीन नवीन असताना मेल्विन आठवडाभर त्यांना पास्ता आणि नूडल्स खाऊ घालत होता, तेव्हा त्याच माझ्याकडे येऊन म्हणाल्या होत्या, पोट भरलंय गो, पण जेवले नाही.

‘म्हणजे ही पोरगी माझ्या घरात अजून जेवलीच नाही,’ त्या म्हणाल्या. कुणाकडे न बघता.

त्यानंतर केनियाचा विषय निघाला की मावशी विषय बदलायच्या. आईला बोलवायचं चाललं होतं. अचिएंगला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आई हवी होती. ‘ती येणार,’ मावशी मला म्हणाल्या, ‘आणि आल्या आल्या आधी पोरीच्या तोंडाकडे बघणार. मग माझ्या पातेल्यात.’ फोनवर दिलेलं ते उत्तर त्यांना आता घशात काट्यासारखं टोचत होतं. ते परत घ्यायचं तर एकच मार्ग होता. विहीण घरात पाय ठेवेल त्या दिवशी तिच्या पानात उगाली पडली पाहिजे, आणि ती मावशींच्या हातची. सुनेच्या हातची नाही, विकतची नाही. बाळ झालं, व्हिसा एकदा नाकारला गेला, पुन्हा अर्ज झाला, तोवर या बाईंनी दुसरं काही मनात आणलं नाही.

आता खरं तर शेजारच्या खोलीत शिकवणारी बसली होती. पण सुनेला विचारायचं? मावशींनी? ते काही होईना. म्हणून प्रयोगशाळा आमच्या स्वयंपाकघरात हलली. पहिल्या दिवशी मी सुपरमार्केटमधून कॉर्नफ्लोर आणलं, त्याची अशी खळ झाली की पातेलं पालथं केलं तरी ती खाली येईना. दुसऱ्या वेळी मावशी स्वतः बसने ब्लॅकटाऊनला जाऊन आफ्रिकन दुकानातून जाडसर पांढरं पीठ घेऊन आल्या. आता काळजीच नाही, असं मला वाटलं. ज्या बाईने आयुष्यभर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या तिला मक्याचं पीठ काय जड!

आणि नेमकं तेच नडलं. मावशींनी पाणी उकळलं, सवयीने मीठ आणि तेलाचा थेंब टाकला, सगळं पीठ एकदम ओतलं, उलथन्याच्या टोकाने दोनदा ढवळलं, झाकण ठेवलं आणि गॅस बंद केला. छान उकड काढली. मग परातीत घेऊन, पाण्याचा हात लावून, तळव्याने मळ मळ मळली. दिसायला इतका सुरेख गोळा झाला की मी टाळ्या वाजवल्या. तोंडात टाकला तर आतून कच्चा. पीठ दातांखाली वाळूसारखं करकरत होतं. तांदळाची पिठी वाफेवर शिजते, हे भरड पीठ काही शिजेना. पण मावशींचे हात ऐकायला तयार नव्हते. पुन्हा केली, पुन्हा उकड. तिसऱ्यांदा जास्त वेळ झाकून ठेवली. आमचा कुत्रा मात्र त्या महिन्यात चांगला गुटगुटीत झाला.

शेवटी एका दुपारी मावशी फटीतून आल्या त्या मोकळ्या हाताने. मी घाबरलेच. बसल्या, चपलेने गवत उकरत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘जाते मी. विचारते तिला.’

‘अहो मग जा ना!’

‘जातेय ना. जरा बसू दे.’

अचिएंगचे तेव्हा दिवस भरत आले होते. तिला उंच स्टुलावर बसवून मावशी शेगडीपुढे उभ्या राहिल्या, आणि तिने त्यांना जे पिळून काढलं ते मी फटीतून जाऊन जाऊन बघितलं आहे. एरवी मम्मी मम्मी करणारी ती गोड मुलगी उगालीपुढे हेडमास्तरीण व्हायची. उगाली ढवळायचा चपटा लाकडी पळा असतो, त्याला म्विको म्हणतात. तो मावशींच्या हातात आणि ऑर्डरी स्टुलावरून.

‘गॅस बंद नाही, मम्मी! नेव्हर! ढवळ.’

‘ढवळतेय गो.’

‘हे ढवळणं नाही, हे गोंजारणं. दाब. पातेल्याच्या साइडला दाब. उलट. परत दाब.’

थोडं पीठ टाकायचं, ढवळायचं. आणखी टाकायचं, मग कडेला दाबून दाबून गुठळ्या मोडायच्या. सगळं एकजीव होऊन हाताला जड लागेपर्यंत थांबायचं नाही. मनगटातून कळ निघायची. मावशींच्या मनगटाला आधीच वाताचा त्रास. त्या मध्येच थांबून मनगट चोळायच्या आणि अचिएंग घड्याळाकडे न बघता, नुसता वास घेऊन सांगायची, अजून नाही. मक्याचा भाजका वास आला पाहिजे. तो येईपर्यंत ढवळ.

आणि मीठ. मावशी चोरून टाकायच्याच. पाणी उकळताना सूनबाईंचं लक्ष नाही असं बघून एक चिमूट. गोळा ताटात उलटला की अचिएंग तुकडा जिभेवर ठेवायची आणि हात जोडायची.

‘मम्मी. सॉल्ट.’

‘एक चिमूट गो! कळतं तरी कसं तुला?’

‘मीठ माशात आहे ना. भाजीत आहे ना. दोन्हीकडे का?’

‘अळणी घास आम्ही फक्त आजाऱ्याला देतो. पाहुण्याला नाही. तुझी आई काय म्हणेल?’

‘मीठ असलं तर म्हणेल,’ अचिएंग म्हणायची आणि पोट धरून हसायची.

एक गोष्ट मात्र मावशींना कुणी शिकवावी लागली नाही. गोळा काढल्यावर पातेल्याच्या बुडाला जी खरपूस कुरकुरीत पापडी राहते, ती बघून त्या पहिल्याच दिवशी ओरडल्या होत्या, ‘खरवड!’ चमचा घेऊन त्यांनी ती सगळी सुनेच्या देखत खाल्ली. लहानपणी भावंडांशी भांडून मिळवायच्या म्हणे, भाताची खरवड. इथे राइस कुकर आला आणि खरवड गेली. अचिएंगचं तोंड एवढंसं झालं, कारण तिकडेही ती पोरांनी भांडून खायची चीज होती. पुढे त्या दोघी अर्धी अर्धी करू लागल्या.

बाळ झालं, मुलगी. तिचं नाव लीया. मावशी तिला कडेवर घेऊन म्विकोने ढवळायला लागल्या आणि अचिएंगने त्याला बंदी केल्यावर मांडीवर घेऊन पीठ चाळायला लागल्या. लीया रांगायला लागली तेव्हा कुठे व्हिसा आला.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. हिवाळ्यातली स्वच्छ उन्हाची सकाळ. मेल्विन आणि अचिएंग बाळाला घेऊन एअरपोर्टला गेले. मावशींनी मला रजा घ्यायला लावली होती, कारण हाताखाली माणूस हवं. केलची पालेभाजी कांद्या-टोमॅटोवर परतून तयार, अख्खे मासे तळून तयार, शिवाय इंद्याल. कारण उगाली कितीही झाली तरी इंद्याल वाढल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नव्हतं. टेबलावर वसईहून आणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ. मावशींनी ठेवणीतला निळा फ्रॉक घातला होता आणि चक्क मोज्यांवर बूट.

उगाली आधी करून ठेवता येत नाही. गार झाली की तिचा धोंडा होतो. मेल्विनचा फोन आला, सामान मिळालं, निघालो. मावशींनी हिशेब केला आणि पाणी चढवलं. सुंदर झाली. ताटात उलटली तेव्हा गुळगुळीत घुमट, एक चीर नाही. आणि मेल्विनचा पुन्हा फोन. मोटरवेवर अपघात आहे, गाड्या हलत नाहीयेत.

आम्ही दोघी त्या घुमटाकडे बघत बसलो. आधी वाफ गेली. मग चकाकी गेली. मग वरून खालपर्यंत एक चीर पडली. मी हळूच म्हटलं, मायक्रोवेव्हमध्ये... तर मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो शब्द अर्धाच गिळला.

‘विहीण पहिल्यांदा येतेय,’ त्या म्हणाल्या. ‘तिला शिळं वाढू?’

त्यांनी मनगटावर गरम पाण्याची पिशवी धरली, पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या आणि गाडीचा आवाज येण्याची वाट न बघता, नुसत्या अंदाजाने, पुन्हा पाणी चढवलं. सवयीने हात मिठाच्या बरणीकडे गेला. झाकण उघडलं. चिमूट उचलली. त्या चिमटीकडे बघत त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती चिमूट बरणीत परत सोडली, झाकण लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली.

‘लपव. माझ्यापासून.’

पीठ पाण्यात पडलं, घट्ट व्हायला लागलं आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली. मी धावले. विहीणबाई उतरल्या, फोनवर दिसायच्या त्याहून उंच, लांब कोट, डोक्याला तोच पांढरा रुमाल, कडेवर लीया. त्यांनी मला मिठी मारली, मी मावशी नव्हेच हे सांगायच्या आतच. मग मान वर करून वास घेतला, बाळ माझ्याकडे दिलं आणि कुणी काही म्हणायच्या आत थेट स्वयंपाकघरात.

मावशींची पाठ दाराकडे होती. ढवळणं अशा टप्प्यावर होतं की हात काढला तर गेलंच. आमच्याकडे विहीण दारात आल्यावर केवढा मान! हातावर पाणी घालायचं, गळ्यात पडायचं, बसायला चांगली खुर्ची द्यायची. आणि इथे यजमानीण पाठ करून उभी. मावशींना पावलं ऐकू आली होती, मला कळत होतं, त्यांचे कान लाल झाले होते. पण त्या वळल्या नाहीत. दाबत राहिल्या, उलटत राहिल्या. पातेलं शेगडीवर घसरत होतं, डाव्या हाताने ते आवरत होत्या.

अचिएंग काही बोलायला गेली. आईने हातानेच तिला गप्प केलं. कोट काढून खुर्चीवर टाकला, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि दोन्ही हातांनी पातेल्याचे कान घट्ट धरले.

मावशींचा डावा हात मोकळा झाला. त्यांनी तो उजव्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात केली. त्या दोघी समोरासमोर, मध्ये पातेलं, वाफेने दोघींचे चष्मे धुरकट झालेले. हॅलो नाही, वेलकम नाही. विहीणबाई पातेलं थोडं फिरवायच्या, मावशी दाबायच्या. पुन्हा फिरवायच्या, पुन्हा दाबायच्या. अशी एकटीने करायची वस्तू नाहीच ती, हे मला तेव्हा समजलं. मक्याचा भाजका वास सुटला. विहीणबाई ‘हां’ म्हणाल्या, आणि नेमक्या त्याच वेळी मावशीही ‘हां’ म्हणाल्या.

ताट वर ठेवून पातेलं उलटलं. मग मावशींनी हात पुसले आणि विहिणीच्या गळ्यात पडल्या.

जेवताना मात्र मावशी जेवल्या नाहीत. खुर्चीच्या टोकावर बसून नुसत्या बघत होत्या. दोघींनी मिळून क्रूसाची खूण केली. विहीणबाईंनी हात धुतले, उगालीचा तुकडा मोडला, तळव्यात वळला, अंगठ्याने खळगा केला, त्यात भाजी आणि मासा उचलला. खाल्लं. पुन्हा मोडला. मावशींनी माझा हात टेबलाखाली इतका दाबला की माझी अंगठी रुतली. तिसरा घास विहीणबाईंनी नुसताच खाल्ला, भाजीशिवाय, सावकाश, चव बघण्यासाठी. मग त्यांच्या भाषेत मुलीला काहीतरी म्हणाल्या. बरंच म्हणाल्या.

अचिएंगच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

‘काय गो? काय झालं? मीठ नाही घातलं मी! शपथ! सुजाताला विचार!’

‘मम्मी, ती म्हणते,’ अचिएंग नाक पुसत म्हणाली, ‘लग्नाच्या दिवशी मी तुम्हाला एक गोष्ट विचारली होती. इतके दिवस मला झोप नव्हती. आता नाही विचारणार.’

मावशी उठल्या. त्यांनी ताट उचललं आणि विहिणीच्या पानात उरलेल्या उगालीचा निम्मा डोंगर वाढला. विहीणबाई दोन्ही हात आडवे धरून नो नो म्हणत होत्या. मावशींनी ऐकलं तर त्या मावशी कसल्या! मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी इंद्याल तीनदा घेतलं आणि घरी जाऊन रडले.

दुपारी मी पुन्हा फटीतून डोकावले. अंगणात उन्हात दोन खुर्च्या, मध्ये स्टुलावर ते पातेलं. दोघी चमच्यांनी खरवड काढत होत्या. विहीणबाईंचं इंग्रजी सावकाश, मावशींचं इंग्रजी मराठी, पण वाटणी अगदी काटेकोर चालली होती. एकीचा चमचा दुसरीच्या बाजूला गेला की दुसरी पातेलं स्वतःकडे ओढायची. लीया खाली गवतात बसून आळीपाळीने दोघींकडे तोंड उघडत होती.

विहीणबाई परत गेल्या तेव्हा जाताना म्हणाल्या, आता तुम्ही यायचं. असं सगळेच म्हणतात. पण मेल्विनला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, घर आवरायला निघालं, आणि मावशींनी जाहीर केलं की खोकी भरायच्या भानगडीत मला पाडू नका, मी तोवर किसुमूला जाऊन येते. एकट्या. ज्या बाईंनी मेट्रोने कॅसल हिलला जायलाही मला सोबत घेतलं होतं त्या! तिकडून त्या परस्पर डार्विनला गेल्या. त्यामुळे एअरपोर्टवर पाहिल्या त्याच माझ्यापुरत्या शेवटच्या. फोन येतात, पण फोनमधून वाडगा येत नाही. कुंपणाचा पत्रा नव्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात बसवून घेतला.

एअरपोर्टवर त्या निळ्या फ्रॉकमध्ये होत्या, मोज्यांवर बूट. पर्समध्ये पासपोर्ट शोधताना काळी डबी बाहेर आली.

‘मावशी!’ मी म्हटलं. ‘तिकडेही?’

‘माशाला कमी पडलं तर लागेल ना. उगालीत नाही घालणार गो. मला काय कळत नाही?’

मेल्विन काळजीने नुसता वाळला होता. औषधं कुठल्या कप्प्यात, दोह्याला विमान बदलताना कुठे बसायचं, सगळं चौथ्यांदा सांगून झाल्यावर तो अगदी लहान मुलासारखा म्हणाला, ‘मम्मी, पण तू तिकडे काय खाशील?’

मावशी दारापर्यंत पोचल्या होत्या. त्या वळल्या. चेहऱ्यावर तोच जुना अपमान, पण डोळे हसत होते.

‘विहीण खाते तेच,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तू विचारू नकोस. ती वाढणार आहे.’

आणि पर्स काखेत दाबून आत गेल्या.